हात लावू नका

फोन कानाशी धरूनच तिनं मान वळवली, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा विचारताहेत, शेण कसं पडतंय?"

"पातळ. अगदी पाण्यासारखं," पलीकडचा माणूस म्हणाला. "कालपासून."

"वास येतोय?"

"आता ताई, शेणाला शेणाचाच वास येणार ना."

ती हसली नाही. खुर्चीकडे बघत तिनं मनात सात आकडे मोजले. उत्तर यायला साधारण एवढा वेळ लागायचा. बाबा आधी घसा खाकरत, मग चष्मा कपाळावर सरकवत आणि मगच बोलत. त्याहून घाईनं सांगितलेलं उत्तर ऐकणाऱ्याला खोटं वाटलं असतं.

"बाबा म्हणतात, हिरवा चारा आज बंद करा. वाळलेलं गवत द्या. पाण्यात मीठ आणि गूळ कालवून थोडं थोडं पाजत राहा. उद्या सकाळी परत कळवा."

"बरं. डॉक्टरांना नमस्कार सांगा."

"सांगते."

बाबा जाऊन सात आठवडे झाले होते.

हे तिनं ठरवून सुरू केलं नव्हतं. चौथ्या दिवशी घरातले पाहुणे पांगले आणि दुपारी बाबांचा फोन वाजला. तिनं तो उचलला तो केवळ आवाज थांबावा म्हणून. कुणीतरी धापा टाकत म्हणालं, डॉक्टरांना द्या, गाय फुगलीय, डावी कूस ढोलासारखी झालीय. 'ते वारले' हे दोन शब्द तोवर तिनं कितीतरी जणांच्या तोंडून ऐकले होते, एका छापील अर्जात स्वतःच्या हातानं लिहिलेही होते. स्वतःच्या तोंडून मात्र ते एकदाही निघाले नव्हते. त्या दिवशीही निघाले नाहीत. "ते जरा पडलेत," ती म्हणाली. "मग विचारून सांगा ना ताई, लगेच." ती वळली. खुर्ची रिकामी होती, पण उत्तर तिला येत होतं. तीस वर्षं जेवणाचं ताट बाजूला सारून बाबा ही उत्तरं देत आले होते. तेल किती, ते कसं पाजायचं म्हणजे ठसका लागणार नाही, गाईचे पुढचे पाय चढावर ठेवून तिला कसं उभं करायचं. पलीकडच्या ताटावर बसून तिनं हे सगळं न ऐकता ऐकलं होतं. तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. संध्याकाळी फोन आला, गाय रवंथ करतेय म्हणून. त्यानंतर खरं सांगायचं ते कुठल्या तोंडानं?

आणि फोन येतच राहिले. गाव शहराच्या हद्दीत गेलं त्या वर्षी सरकारी कागदावरची गुरं एका दिवसात शून्य झाली होती. शहरात गुरं नसतात, म्हणून गुरांचा दवाखाना तीस किलोमीटर पलीकडे, जिथं अजून गाव शिल्लक होतं तिथं हलवला गेला. गुरांना हे कुणी कळवलं नाही. ती होती तिथंच राहिली. उंच इमारतींच्या मागच्या अंगाला, पुलाखाली, पत्र्याच्या आडोशाला, कुठं दोन, कुठं पाच. दवाखान्याच्या जागेत जन्म-मृत्यू नोंदणीचं कार्यालय आलं. बाबांचा दाखला आणायला ती तिथं गेली, तेव्हा गुरांचं मूत वाहून जावं म्हणून फरशीत काढलेली पन्हळ तशीच होती. तिच्यावर आता रांगेतल्या माणसांसाठी बाक टाकला होता. बाबांची नोकरी दवाखान्याबरोबरच संपली. पण स्कूटर त्यांची स्वतःची होती, आणि हातही. ते फिरत राहिले.

ती एका शाळेत ग्रंथपाल होती. तो रविवार होता, म्हणून ती घरी होती. शेणाच्या फोननंतर तिनं चहाचं आधण ठेवलं. पाण्याला उकळी यायच्या आत फोन पुन्हा वाजला. अकरा वाजायला पाच मिनिटं कमी होती.

"ताई, वकील बोलतोय. डॉक्टरांना द्या."

वकील म्हणजे दोन गाई बाळगून असलेले साठीचे दूधवाले. कोर्टाची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. पण दुधात पाणी आहे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापासून गोठ्याच्या तोंडाशी गाडी लावणाऱ्या साहेबापर्यंत कुणाशीही ते तासभर हुज्जत घालू शकत, म्हणून सगळे त्यांना वकील म्हणत. त्यांची बायको आपोआप वकिलीणबाई झाली. बाबांशीही त्यांचे वाद चालत. औषध गाईला द्यायचं आहे तर ते माणसाला वाचता येईल अशा अक्षरात का लिहीत नाही, हा त्यांचा ठरलेला मुद्दा.

आज त्यांच्या आवाजात मुद्दा नव्हता.

"काय झालं, वकीलकाका?"

"धाकटी अडलीय. सातपासून कळा देतेय. पाण्याची पिशवी फुटून तास होत आला. एक पाय बाहेर दिसतोय, नाकपुडी दिसतेय, दुसऱ्या पायाचा पत्ता नाही. पहिलंच वेत आहे हो तिचं. दोरी आहे, माणसं आहेत. ओढू का?"

तिनं खुर्चीकडे पाहिलं नाही. आकडेही मोजले नाहीत. बाकी सगळ्या दुखण्यांना बाबांची निरनिराळी उत्तरं होती. अडलेल्या गाईला एकच होतं, आणि ते देताना त्यांचा एक पाय चपलेत गेलेला असे. तीन-तीन माणसांनी दोरी लावून ओढलेल्या गाई त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांचं पुढं काय होतं, हे ते घरी कधी सांगत नसत. त्या दिवशी फक्त जेवत नसत. गोठ्या-गोठ्यात फिरून, रागावून, प्रसंगी शिव्या घालून त्यांनी ते एक वाक्य लोकांच्या अंगवळणी पाडलं होतं. तिच्याही.

"हात लावू नका," ती म्हणाली. "निघालेत."

"बरं," वकील म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चहाचं पाणी उतू जाऊन गॅस विझला, तेव्हा ती भानावर आली. वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर होता. पाय आत दुमडलेला असताना ओढलं तर गाय आणि वासरू दोन्ही जातात, हे तिला पाठ होतं. वासरू आधी आत ढकलायचं, खूर मुठीत घेऊन पाय सरळ करायचा, मग कळेबरोबर खाली ओढायचं. पण हे ज्याच्या हाताला येतं त्यानं करायचं. परत फोन करून तिनं काय सांगितलं असतं? निघाले होते, पण आता येत नाहीत?

तिनं सरकारी मदतक्रमांक फिरवला. एका गोड आवाजानं स्वागत केलं. कुत्र्यासाठी एक दाबा, मांजरासाठी दोन, पक्ष्यासाठी तीन, इतर प्राण्यांसाठी चार. तिनं चार दाबलं. अर्धा तास संगीत वाजल्यावर एक माणूस बोलला.

"गाय? पत्ता सांगा." तिनं सांगितला. "मॅडम, हा भाग शहरात येतो. आमची गाडी ग्रामीण भागासाठी आहे."

"मग शहरासाठी?"

"शहराची गाडी वेगळी. ती भटक्या कुत्र्यांची असते."

"गाय त्यात बसत नाही."

"नाही ना बसत," माणूस मनापासून म्हणाला. "तक्रार नोंदवून घेऊ का? अठ्ठेचाळीस तासांत उत्तर येतं."

बाबांच्या फोनमध्ये शहराबाहेरच्या मोठ्या डेअरीवरच्या डॉक्टरांचा नंबर होता. ते ओळखीचे निघाले, हळहळलेही. पण त्यांच्यासमोर पोट उघडलेली गाय होती आणि तिच्यामागं आणखी एक. "संध्याकाळी सहापर्यंत नक्की पोचतो," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण त्यांनी लगेच फोन ठेवला.

बारा वाजून गेले होते. ती जिना उतरून खाली गेली.

तिच्या इमारतीच्या तळमजल्यावर पाळीव प्राण्यांचा दवाखाना होता. काचेचं दार, आत मासे, कुत्र्यांना आंघोळ घालायला वेगळा टब. तिथल्या तरुण डॉक्टरला बाबा लाडानं शाम्पूवाला म्हणत. तोही हसून घेई, पण बाबा दारावरून गेले की उठून उभा राही. आत्ता तो एका म्हाताऱ्या कुत्र्याला सलाइन लावत होता.

"बाबांना फोन आलाय," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. "बाबांना?"

"वकिलांची गाय अडलीय. एक पाय दुमडलाय. मी सांगितलं, निघालेत."

त्यानं सलाइनच्या थेंबांचा वेग कमी केला, उगाचच.

"ताई, मी गाईत हात घातलाय तो कॉलेजात. दोनदा. दोन्ही वेळा मागं मास्तर उभे होते."

"मी उभी राहते."

"तुम्ही?"

"मला ऐकून पाठ आहे."

"आणि माझ्याकडे काय आहे माहितीये? मांजरांचे हातमोजे." त्यानं एक उचलून दाखवला. तो खरंच लहान होता. "सर असते तर मला गोठ्याच्या दारातसुद्धा उभं केलं नसतं."

"ते नाहीत म्हणूनच आले मी."

कुत्र्याची मालकीण खुर्चीवरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. डॉक्टर खाली मान घालून म्हणाला, "हे सलाइन संपू दे. वीस मिनिटं. यालाही असं सोडून जाता येत नाही."

ती वीस मिनिटं ती माशांकडे बघत उभी राहिली.

रस्ता पुलाच्या कामासाठी उकरलेला होता. वळसा घालून ते पोचले तर नव्या वसाहतीच्या रखवालदारानं गाडी अडवली. गोठा त्या वसाहतीच्या कुंपणाला लागून मागं होता आणि तिकडं जायची पूर्वीची वाट आता वसाहतीच्या फाटकातून जात होती. "कुठल्या फ्लॅटमध्ये?" त्यानं वही पुढं केली. डॉक्टरनं आपल्या दवाखान्याचं नाव सांगितलं. रखवालदार खूश झाला. "कुत्रा का? जा, जा." गाडी ठेवून ते पिशव्या घेऊन कुंपणातल्या फटीतून पलीकडे गेले. सव्वा वाजला होता.

गोठ्यात चार माणसं होती आणि कुणीही काही करत नव्हतं. वकील गाईच्या डोक्याशी उकिडवे बसले होते. वकिलीणबाई पदराचं टोक तोंडाशी धरून भिंतीला टेकल्या होत्या. दोरी गुंडाळून खुंटीला नीट टांगलेली होती. शेजारच्या गोठ्यातला म्हातारा आणि त्याचा भाऊ दाराशी उभे होते. म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला खांद्यापर्यंत साबण लावलेला होता आणि तो वाळून पांढरा पडला होता.

वकिलांनी वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग डॉक्टरकडे. त्या दोघांच्या मागं, कुंपणाकडे, त्यांनी पाहिलं नाही. हे तिला त्या वेळी जाणवलं आणि घाईत निसटून गेलं.

"पाणी आणा गरम," डॉक्टर शर्ट काढत म्हणाला. "आणि साबण."

तो गाईच्या मागं गुडघ्यांवर बसला. वासराची जीभ बाहेर लोंबत होती. सुजलेली, निळसर. डॉक्टरनं त्याच्या तोंडात बोट घातलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. जिवंत वासरू बोट चोखतं. तिला काही विचारावं लागलं नाही.

"गाय तर वाचवू," तो पुटपुटला. "सांगा."

ती त्याच्या मागं उभी राहिली. "आधी आत ढकला. कळ येईल तेव्हा थांबा, कळ ओसरली की ढकला. डोकं मागं जाऊ द्या."

"जात नाही."

"हळू. घाई नाही." घाईची वेळ दोन तासांपूर्वी होती. तरी बाबा असंच म्हणत. "आता गुडघा हाताला लागेल. त्याच्या खाली जा. खूर शोधा."

"सापडला."

"मुठीत घ्या. सगळा खूर मुठीत झाकला पाहिजे, नाहीतर आतून फाडेल. आता गुडघा वर आणि खूर पुढं."

डॉक्टरचा गाल गाईच्या मांडीला दाबला गेला होता, डोळे मिटलेले होते. "ताई, हात सुन्न झालाय माझा. बोटं कळत नाहीत." तो हात बाहेर काढून धापा टाकत बसला. तिनं बाही दंडापर्यंत वर केली आणि म्हाताऱ्याकडं साबण मागितला. म्हाताऱ्यानं तो दिला. ती दोघं आळीपाळीनं आत गेली. आत भयंकर गरम होतं आणि प्रत्येक कळेला हाताचं हाड मोडेल असं वाटे. ऐकलेल्या एकाही वाक्यात हे नव्हतं.

पाऊण तासानं वासरू बाहेर आलं. पूर्ण वाढलेलं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, मेलेलं. वकिलीणबाईंनी तरीही त्याचं नाक पुसलं, गवताच्या काडीनं नाकपुडीत गुदगुल्या केल्या, गोणपाटानं छाती खसाखसा चोळली. पुन्हा चोळली.

"पुरे," वकील म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो," त्या म्हणाल्या आणि चोळत राहिल्या. मग त्यांचे हात आपोआप थांबले.

म्हातारा बादलीत दंड धूत होता. धुण्यासारखं त्याला काही लागलेलं नव्हतं. "अकरालाच मी म्हटलं होतं," तो कुणाकडेही न बघता बोलला. "नुसता पाय दुमडलाय, करतो सरळ. तेव्हा जीभ हलत होती त्याची. साबण लावून तयार होतो मी. वकील म्हणाले, डॉक्टरांचा हुकूम नाही."

"तुम्हाला... येतं?" तिनं विचारलं.

"शंभरेक काढलीत. डॉक्टरांनीच शिकवलं. ते नसले लांब कुठं, की मला सांगायचे, तू बघ." त्यानं हात झटकला. "आज म्हणाले नाहीत."

ती गाईकडं वळली. धाकटी डोकं जमिनीला टेकवून पडली होती. डॉक्टरनं तिला उठवायचा प्रयत्न केला, शेपटी धरून, बगलेत खांदा देऊन, चौघांनी मिळून. पुढचं अंग उचललं गेलं. मागचे पाय ओल्या फडक्यासारखे पसरले. त्यानं चिमट्यानं मागच्या खुरांमधली कातडी दाबली. गाईनं पाय ओढून घेतला नाही. मग त्यानं तिचे कान हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"थंड आहेत," तो म्हणाला. "इतका वेळ वासरू अडकून राहिलं, की मागच्या पायांच्या नसा दबतात. शिवाय कान गार, म्हणजे कॅल्शियमही उतरलंय. ते लागेल." त्यानं पिशवी उपसली आणि छोट्या छोट्या शिशा गवतावर मांडल्या. त्या नऊ होत्या. "या दहा-दहा एम.एल.च्या. हिला साडेचारशेची बाटली लागते. शहरात कुणी ठेवत नाही. बाहेर एक दुकान आहे, ते रविवारी बंद असतं." जेवढं होतं तेवढं त्यानं शिरेतून दिलं. देऊन झाल्यावर रिकाम्या शिशा परत मोजून पिशवीत भरल्या.

"उठेल का?" वकिलीणबाईंनी विचारलं.

"सकाळपर्यंत उठली तर उठली. दर दोन तासांनी कूस बदलत राहा. एका अंगावर राहिली तर ते अंग मरतं."

"आणि नाही उठली तर? तिला असंच..."

डॉक्टरनं शर्टाची बटणं लावली. एक चुकलं, पुन्हा लावली. "त्याचंही औषध असतं, वकिलीणबाई. झोपवायचं. माझ्याकडे आहे ते चार कुत्र्यांपुरतं आहे. गाईला अर्धवट द्यायचं म्हणजे..." जाताना तो तिच्यापाशी थांबला आणि फार हळू बोलला. "ताई, पुन्हा कुणाला माझं नाव सांगू नका हं. गाईसाठी. मला येत नाही म्हणून नाही. येत नाही हे त्यांना कळायला एक गाय जाते, म्हणून."

कुंपणाच्या फटीतून तो गेला. म्हातारा आणि त्याचा भाऊ वासरू गोणपाटात गुंडाळून घेऊन गेले.

ती गाईच्या मानेशी बसली. बाहीवरचं रक्त वाळून कडक झालं होतं. ती म्हणाली, "वकीलकाका, बाबा..."

"ठाऊक आहे," वकील म्हणाले.

ते गाईच्या पाठीवरची गोचिडी वेचत होते. हात थांबला नाही. "मी आलो होतो ना, डॉक्टरांना नेलं त्या दिवशी. मागं, फाटकापाशी होतो. तुमचं लक्ष नव्हतं. कसं असणार? सगळ्या गोठ्यांना ठाऊक आहे, ताई. पुलाखालच्यांनासुद्धा."

"मग फोन का करत होता?"

"तुम्ही उचलत होता." त्यांनी गोचीड नखावर चिरडली. "अन् सांगायचात ते बरोबर निघायचं. तुम्हाला त्यांच्या नावानं सांगायचंय तर त्यांच्या नावानं. आमचं काय जातंय, असं आम्ही आपापसात म्हटलं."

"पण आज? आज मी म्हटलं निघालेत. ते येणार नाहीत, हे माहीत असताना तुम्ही त्या आजोबांना अडवलंत?"

वकिलांनी पहिल्यांदा हात थांबवला. मुद्दा सापडत नाही असा त्यांचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता.

"मला वाटलं, तुम्हाला कुणीतरी मिळाला," ते म्हणाले. "नवा कुणी. त्याला घेऊन निघालात, नाव तेवढं जुनंच लावलंय. तीस वर्षं झाली, ताई. 'हात लावू नका' असं ऐकलं, अन् माणूस आला नाही, असं एकदा झालं नाही. मी ह्याच्याशी भांडलो त्यावरून." त्यांनी शेजारच्या गोठ्याकडं मानेनं खूण केली. "मोठमोठ्यानं भांडलो. अन् जिंकलो."

वकिलीणबाई आतून चहा घेऊन आल्या. तिघांनी तो पिऊन टाकला. तीन वाजता म्हाताऱ्याला बोलावून त्यांनी गाईची कूस बदलली. धाकटीनं मान उचलून वळवायला थोडी मदत केली, आणि वकिलीणबाई म्हणाल्या, "बघा, जोर आहे अजून."

पाच वाजता दुधाची गिऱ्हाइकं यायला लागली. मोठीचं दूध काढून झालं होतं. वकील माप घेऊन दारात उभे राहिले. रोजच्या मापात रोजची माणसं दूध घेऊन गेली. शेवटी वसाहतीतल्या एक बाई आल्या, एका हातात डबा, दुसऱ्या हातात कुत्र्याची साखळी.

"उशीर झाला आज," त्या म्हणाल्या. "याच्या मागं वणवण झाली नुसती. नखं कापायची वेळ घेतली होती दुपारची, तर दवाखान्याला कुलूप. एवढं मोठं शहर, पण एक डॉक्टर वेळेवर भेटेल तर शपथ." त्यांनी वाकून आत पाहिलं. "ही अशी का पडलीय?"

"व्याली दुपारी," वकिलीणबाई म्हणाल्या.

"अय्या! वासरू कुठंय? बघू ना."

वकिलीणबाईंनी डब्याचं झाकण हातात घेतलं आणि पुसत राहिल्या.

"ओह," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "डॉक्टरला बोलवायचं नाही का वेळेवर?"

"बोलवलं होतं," वकील म्हणाले.

"मग?"

वकिलांनी माप दुधात बुडवलं आणि भरलेलं तसंच धरून ठेवलं. ते काय उत्तर देतात याची वाट बघत आत गाईजवळ बसलेल्या तिच्या लक्षात आलं, की ते देणार नाहीत.

"ते वारले," ती म्हणाली.

बाईंना आत आणखी कुणी आहे हे आत्ता दिसलं. त्यांनी तिच्या बाहीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "अरेरे. कधी हो?"

"आज," ती म्हणाली. "सकाळी. अकराच्या सुमाराला."

वकिलांनी माप डब्यात ओतलं. वर घोटभर दूध जास्तीचं घातलं, नेहमीसारखं.

"अगंबाई," बाई म्हणाल्या. "मग आता कसं?"

वकिलीणबाईंनी डब्याला झाकण लावून दिलं, तेव्हा बाई कुत्र्याला ओढत कुंपणाच्या फटीकडं निघाल्या. वकिलीणबाईंनी आत जाऊन घड्याळ पाहिलं आणि म्हाताऱ्याला हाक मारली. दोन तास केव्हाच होऊन गेले होते. म्हातारा मागच्या पायांशी गेला, वकील पाठीशी, वकिलीणबाई पोटाशी, आणि ती डोक्याशी.

"धरा," म्हातारा म्हणाला.

अंग वळलं. मान या वेळी धाकटीनं उचलली नाही, जिथं होती तिथंच राहिली. ती वळवायला वकिलांना पुढं यावं लागलं.